गार डिस्क

गेरेऑनच्या गाडीत पाचशे अश्वशक्तीचं इंजिन होतं, आणि तिला थांबवायचं कशानं हे त्याच्या बहिणीनं, ऑर्ट्रूननं ठरवलं होतं. आयफेलच्या डोंगरातलं वडिलांचं गॅरेज ही दोघं भावंडं चालवत. मोटारशर्यतीची रिंग तिथून हाकेच्या अंतरावर. शनिवार-रविवारी तिकीट काढून कुणीही आपली रोजची गाडी त्या शर्यतीच्या रस्त्यावर पळवावी, आणि सोमवारी गॅरेजनं ती निस्तरावी, असा शिरस्ता होता.

गेरेऑनला ब्रेकसाठी भोकं पाडलेल्या डिस्क हव्या होत्या, कारण चाकामागून त्या झकास दिसतात. तापून गार होताना तडा भोकापासूनच जातो, असं सांगून ऑर्ट्रूननं त्याला खाचांच्या घ्यायला लावल्या. ब्रेक ऑइल तिनं सहजी न उकळणारं निवडलं, आणि ते हवेतली ओल भराभर ओढून घेतं म्हणून दर वर्षी बदलायचं, असं बजावलं. भांडण पेटलं ते डिस्कला चिमटीत धरणाऱ्या पॅडवरून. शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. रस्त्यावरचे पॅड गारठ्यातही धरतात, पण रिंगवर दोन फेऱ्यांत जळून जातात. शेवटी दोन्ही घेतले. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि एकाच्या थरावर दुसरा नीट धरत नाही, म्हणून डिस्कच्याही दोन जोड्या. अट एकच होती: शर्यतीची पॅड-डिस्कची जोडी रिंगच्या पार्किंगमध्ये चढवायची आणि घरी निघायच्या आधी तिथंच उतरवायची.

"हो हो, मास्तरीणबाई," गेरेऑन म्हणाला होता.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी दोघं नेहमीसारखी पाव आणायला निघाली. गवतावर पांढरं दव गोठलं होतं. चर्चच्या उतारावर गाडीचा वेग जेमतेम चाळीस असेल. खाली, बेकरीसमोरच्या झेब्रा पट्ट्यांवर, म्हाताऱ्या फ्राऊ थोलेन आपली आधाराची, चाकांची चालणगाडी ढकलत रस्ता ओलांडत होत्या. वय एक्क्याऐंशी, दर रविवारी पावाला एकट्या येणार म्हणजे येणार. त्यांचा मुलगा रुप्रेश्ट त्यांना वृद्धाश्रमात हलवायला टपलेलाच होता, आणि एकदा पडलात की निघायचं, असं त्यानं आईकडून कबूल करून घेतलं होतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

गेरेऑननं ब्रेक दाबला. त्याचा पाय गुडघ्यापासून ताठ झालेला ऑर्ट्रूनला दिसला, पण गाडीचं नाक खाली झुकलं नाही. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. गाडी पट्टे ओलांडून गेली, चालणगाडी उडून फुटपाथवर आपटली, आणि फ्राऊ थोलेन तोल जाऊन रस्त्याच्या कडेला बसल्या. लागलं काही नव्हतं. डावा हातमोजा तेवढा फाटला.

"काल पॅड उतरवले नाहीस," ऑर्ट्रून म्हणाली.

तो पुटपुटला की अंधार पडला होता, बोटं बधिर झाली होती, आणि आज दुपारी परत रिंगवर जायचंच होतं.

त्यांनी म्हातारीला उचलून बेकरीत नेलं. बेकरीणबाईंनी कॉफी दिली. बोलावणं गेलं तसा रुप्रेश्ट घरच्या सपाता घालूनच धावत आला. काय झालं म्हणून त्यानं विचारलं, आणि गेरेऑन म्हणाला, "त्या एकदम मध्ये आल्या."

रांगेतल्या लोकांनी माना हलवल्या. गेरेऑनसारखा हात रिंगवर कुणाचा चालत नाही, त्यानं गाडी कशीतरी आवरली हे नशीब, असं कुणीतरी म्हणालं. फ्राऊ थोलेनच माफी मागू लागल्या. हल्ली पाय उचलत नाहीत, चूक माझीच, असं त्या कपातल्या कॉफीला सांगत होत्या. रुप्रेश्टनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उद्याच फोन करतो म्हणाला. कुणाला ते सांगायची गरज नव्हती.

ऑर्ट्रूनचे कान तापले. भावाच्या आळसाची चीड एक वेळ गिळता आली असती. पण चूक आपली असताना या बाईकडून माफी मागवून घ्यायची, आणि तो शेजारी उभा राहून ऐकून घेणार, हे तिच्यानं गिळवेना. तिनं खिडकीजवळ टेकवून ठेवलेली चालणगाडी उचलली, बाहेर गेली आणि पट्ट्यांच्या मधोमध उभी राहिली. बेकरीचं दार उघडंच होतं. रांगेतले लोक दाराशी आले.

"गेरेऑन, गाडी वर ने," ती म्हणाली. "त्याच वेगानं उतर आणि इथं थांबून दाखव. मी एकदम मध्ये येत नाहीये. आत्तापासूनच उभी आहे."

रुप्रेश्ट म्हणाला की हा काय तमाशा आहे, आईला घरी न्यायचंय. ऑर्ट्रूननं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गेरेऑन गाडीपर्यंत गेला. दार उघडलं. किल्ली हातात धरून उताराकडे पाहिलं, मग बहिणीकडे. गाडी अर्धा तास गारठ्यात उभी होती.

"डिस्क गार आहेत, ऑर्ट्रून," तो हळूच म्हणाला.

"मोठ्यानं."

"डिस्क गार आहेत. थांबणार नाही ती."

"मघाशी गरम होत्या?"

त्यानं मान खाली घातली. मग दाराशी उभ्या असलेल्या रुप्रेश्टला त्यानं सांगितलं की पॅड शर्यतीचे आहेत, गार असताना धरत नाहीत, ते कालच उतरवायचे होते. तुमची आई पट्ट्यांवर होती, लांबून दिसत होती. गाडीच थांबली नाही.

त्याच्या हाताचं कौतुक करणारा माणूस पावाची पिशवी उघडून आत बघत राहिला. रुप्रेश्टचा चेहरा लाल झाला, पण आता ओरडायचं कुणावर हे त्याला ठरवता येईना, आणि तो आईकडे वळला.

"फोन करू नकोस," फ्राऊ थोलेन म्हणाल्या. त्या खुर्चीतून स्वतःच उठल्या, दारापर्यंत आल्या आणि गेरेऑनकडे पाहिलं. "माझ्याकडून माफी मागवून घेतलीस रे, मेल्या. ती मी परत घेते."

गेरेऑन त्यांना हात द्यायला पुढे झाला. त्यांनी हात मागं घेतला.

ऑर्ट्रूननं चालणगाडी त्यांच्यापुढं आणून ठेवली. एक चाक वाकलं होतं, ते तिनं पायानं दाबून जरा सरळ केलं. मग भावापुढं हात पसरून गाडीची किल्ली मागितली. कधी मिळेल परत, असं त्यानं विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आणि आज मला विचारू नकोस."