आल्याचा शाम्पू

"कोण गं हे सात जण?" फोनच्या पडद्यावरचा आकडा बघत बीलुआनने विचारलं.

"मला काय माहीत? कुणीही असतील. आई, तू त्यांच्याकडे बघून बोल ना," पेइरोंग दबक्या आवाजात म्हणाली.

"ओळख ना पाळख, काय बोलू?"

"शाम्पूबद्दल बोल. आलं कुठलं, फेस किती येतो, केस गळायचे कसे थांबतात..."

"गळायचे थांबतात असं मी कधी म्हणाले?"

पलीकडच्या सातही जणांनी हे ऐकलं असावं. दोघं लगेच निघून गेले. पाच उरले. पेइरोंगने कपाळाला हात लावला.

दक्षिण तैवानमधल्या छाओचौच्या बाजारामागच्या गल्लीत बीलुआनचं दोन खुर्च्यांचं सलून होतं, चौतीस वर्षं. पूर्वी शनिवारी बायकांना बाकावर बसायला जागा मिळत नसे. आता काहीजणी मुलांकडे तैपेईला गेल्या होत्या, काही वारल्या होत्या आणि त्यांच्या सुना मोठ्या दुकानांत जात होत्या. बाक मोकळा राहू लागला. पेइरोंग ताइचुंगला नेटवरून क्रीम विकणाऱ्या एका कंपनीत होती. ती दोन दिवसांची रजा काढून आली आणि तिने आईसाठी फोनमध्ये दुकान उघडलं. डोंगरातला एक म्हातारा आल्याचा शाम्पू बनवायचा. बीलुआन वर्षानुवर्षं त्याचे डबे आणून वापरत असे. तोच आता बाटल्यांत भरला, बाटल्यांवर बीलुआनचा तरुणपणीचा फोटो चिकटवला.

बीलुआनने एक वही केली. ‘रेटिंग म्हणजे’, ‘कूपन म्हणजे’, ‘कार्टमध्ये टाकून न घेणारे म्हणजे’ असं लिहून ती पुढे लेकीने सांगितलेला अर्थ उतरवी. दुसऱ्या दिवशी तो अर्थच तिला कळत नसे. पहिल्या महिन्यात चार बाटल्या खपल्या. त्यातल्या दोन पेइरोंगच्या मैत्रिणींनी घेतल्या होत्या.

लेक रजा संपताच ताइचुंगला परतली होती. महिनाअखेर तिने फोनवरून बजावलं, दर बुधवारी दुपारी लाइव्ह करायचंच. बुधवारी बीलुआनने फोन आरशापाशी टेकवला, लेकीने दाखवलेलं बटण दाबलं आणि गप्प उभी राहिली. तेवढ्यात नेहमीप्रमाणे ल्याओ आजी केस धुवायला आल्या. वय एक्क्याऐंशी, बुधवार आणि शनिवार कधी न चुकवणाऱ्या.

"आजी, फोन चालू आहे हं."

"असू दे की. आमच्या घरातला टीव्हीसुद्धा दिवसभर चालूच असतो."

बीलुआनने त्यांना आरशासमोर बसवलं, टाळूवर शाम्पू ओतला आणि थोडं थोडं पाणी घालत फेस चढवू लागली. डोक्याला हात लागला की आजींचं तोंड सुरू व्हायचं. सुनेच्या सूपला मीठ नसतं. शेजारणीची कवळी मंदिराच्या जेवणावळीत माशाच्या वाटीत पडली आणि ती शोधायला चार टेबलं उठली. भाजीवाला तिसरं लग्न करायला निघालाय, "दात नाहीत, पण हौस बघ मेल्याची!" बीलुआन हसत होती. केस धुऊन झाले तेव्हा आकडा साठावर गेला होता आणि अकरा बाटल्या विकल्या गेल्या होत्या.

पेइरोंगचा फोन आला. "आई, आजींना सोडू नकोस! त्यांचे केस फुकट धू."

"अगं, पण शाम्पूबद्दल मी एक अक्षरसुद्धा बोलले नाही."

"तेच तर!"

"म्हणजे त्यांच्या सुनेच्या सूपला मीठ नाही म्हणून लोक शाम्पू घेतात?"

"तू डोकं चालवू नकोस, आई. तू फक्त केस धू."

बीलुआनने वही उघडली, पण काय लिहावं ते समजेना. तिने ती मिटून टाकली.

पाचव्या बुधवारची गोष्ट. आजींच्या डोक्यावर फेसाचा डोंगर उभा होता. बीलुआनची बोटं कानामागून मानेकडे उतरत होती. आजींनी डोळे मिटले होते.

"लुआन, माझ्या दुसऱ्या पोरीच्या डोक्याला दोन भोवरे होते."

बीलुआनला त्यांची दोन मुलं, एक मुलगी माहीत होती. "दुसरी कोण, आजी?"

"दिली ना ती. चाळीस दिवसांची होती. सासू म्हणाली, एक पोरगी आहे, पुरे. कापडाचा फेरीवाला यायचा, तो घेऊन गेला. पिंगतुंगच्या पुढे चांगलं घर मिळालंय म्हणाला. मी विचारलंच नाही कुणाचं. एकोणीस वर्षांची होते मी. कसं विचारायचं तेच ठाऊक नव्हतं."

बीलुआनचे हात थांबले. तिने फोनकडे पाहिलं. आकडा होता दोनशे बारा.

तिने घाईने बटण दाबलं. बोटांना फेस होता, काच दाद देईना. दुसरं बटण दाबलं, तर पडद्यावर हृदयं उडायला लागली. शेवटी तिने फोन उचलून टॉवेलच्या टोपलीत टाकला आणि वर हातात येतील तेवढे टॉवेल दडपले. आतून ऑर्डरची घंटी वाजतच राहिली. टिंग. टिंग.

"काय वाजतंय गं?"

"काही नाही, आजी. मान खाली घ्या."

तिने केस धुतले, वाळवले, रोलर लावून बसवले. आजी घरी गेल्या. बीलुआनच्या तोंडून त्यांना काही सांगणं झालं नाही.

"फोन का झाकलास?" पेइरोंग फोनवर जवळजवळ ओरडलीच. "ऐंशी बाटल्या गेल्या, आई! ऐंशी!"

"ती गोष्ट आजींची होती."

"पण आजींना माहीत होतं ना, लोक ऐकतायत ते?"

"फोन चालू आहे एवढं माहीत होतं. मला तरी त्याहून जास्त कुठं माहीत होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनमधल्या दुकानाच्या त्या कप्प्यात, जिथे लोक कोंडा जातो का म्हणून विचारायचे, नऊ बायकांची पत्रं येऊन पडली होती. सगळ्या साठीच्या आसपासच्या. सगळ्यांना लहानपणी कुणाला तरी देऊन टाकलेलं. आजींचं गाव कोणतं, साल कोणतं, जरा विचाराल का?

बीलुआन दोन दिवस ती पत्रं वाचत होती. आजींना सांगावं तर आपली चूक उघडी पडते. न सांगावं तर या नऊजणींना काय उत्तर द्यायचं? आणि त्यातली एखादी खरंच ती असली तर? एका गिऱ्हाइकाच्या केसांना डाय लावताना तिने रंगही चुकवला.

शनिवारी आजी आल्या. बीलुआनने दाराला आतून कडी लावली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

आजींनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "किती माणसं होती म्हणालीस?"

"दोनशे बारा."

"माझ्या लग्नाला एवढी नव्हती." त्यांनी ब्लाउजची कॉलर नीट केली. "आमच्या थोरल्यानं ऐकलं असेल?"

"माहीत नाही."

"तू मला नीट सांगायला हवं होतंस, लुआन."

"हो. चुकले, आजी."

"चुकलीसच." मग त्या म्हणाल्या, "वाच. काय लिहिलंय त्यांनी?"

बीलुआनने शेजारच्या खुर्चीत बसून एकेक पत्र वाचलं. एकीचा जन्म तीन वर्षं नंतरचा. एक पार उत्तरेकडची. एकीला खऱ्या आईचं आडनाव ठाऊक होतं, ते ल्याओंच्या घरचं नव्हतं. एकीला दोन भोवरे होते, पण तिला पाचव्या वर्षी दिलं होतं. निघताना आईने हातात उकडलेलं अंडं ठेवलं, ते गरम होतं, एवढं तिला आठवत होतं. एकीने फक्त लिहिलं होतं, ‘मी ती नाही. पण माझी आईसुद्धा कुठेतरी अशीच केस धुऊन घेत असेल, असं वाटलं.’

प्रत्येक पत्राला आजी मान हलवत होत्या. "नाही. ही नाही."

नववं संपलं.

"झाल्या?"

"झाल्या."

"ती अंड्याची पुन्हा वाच."

बीलुआनने वाचलं. आजींनी डोळे पुसले नाहीत. नाक मात्र जोरात शिंकरलं आणि विचारलं, "तुझ्या त्या बाटल्या उरल्यात का?"

"आहेत."

"या सगळ्यांना एकेक पाठव. माझ्याकडून."

बीलुआनने लेकीला फोन लावला. फुकट पाठवायच्या बाटल्या दुकानात कशा दाखवायच्या? पेइरोंग म्हणाली, ‘नमुना’ म्हणून दाखव; मग म्हणाली, नको, ‘भेट’ म्हण; मग म्हणाली, "थांब आई, कारणाचा एक रकाना आहे, त्यात काय लिहायचं?" शेवटी पेइरोंग म्हणाली, "राहू दे. रिकामा सोड." फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "आई, बुधवारी लाइव्ह नको करूस." त्यानंतर बीलुआनने ते कधीच केलं नाही, आणि दुकान पुन्हा महिन्याला चार-पाच बाटल्यांवर आलं.

पण त्या शनिवारी दुपारी आजी केस न धुताच बसून राहिल्या. बीलुआन पत्ते लिहीत होती आणि आजी मांडीवर जुनं वर्तमानपत्र पसरून बाटल्या गुंडाळत होत्या.

"हिचं नाव काय?"

"त्साइशिया."

"त्साइशिया," आजी पुटपुटल्या, कागदाचं टोक आत खोचलं, बाटली बाजूला ठेवली. "आणि हिचं?"

"युएमेइ. ती अंड्याची."

आजींनी आधीचा कागद बाजूला सारला आणि नवा, कोरा घेतला. तो दुपट्यासारखा दुहेरी करून बाटलीभोवती गुंडाळला. मग बाटलीच्या मानेखाली हात घालून ती अलगद आडवी ठेवली.