गुणाजीच्या सरपणातला ओंडका

मी बोलतोय तो वाकोल्याच्या एका तीन मजली बिल्डिंगच्या फाटकाशी आडवा पडलेला ओंडका. येता-जाता तुम्ही माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधता, तोच. आपण जळण्यासाठीच आहोत अशी माझी बरेच दिवस समजूत होती. अजून जळालेलो नाही, म्हणून हे सांगायला शिल्लक आहे.

आधी मी रस्त्याकडेच्या एका झाडाची फांदी होतो. विजेच्या तारांना लागते म्हणून माणसं आली, मला तोडलं, अर्धवट कापलं आणि चहा प्यायला गेली. परत आलीच नाहीत. चहासाठी माणूस हातातलं कुठलंही काम सोडतो, हे मला तेव्हाच समजलं. पुढे हे गुणाजीला कळवता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

गुणाजीने मला त्या कडेवरून ओढत घरी आणलं. तो गिरणीत बॉयलरवर होता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. त्याची बायको रुक्मिणी मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायला लागली आणि गुणाजी घरी राहिला. बिल्डिंगमधली माणसं चांगली होती, म्हणजे त्याला काही विचारत नसत. ज्या माणसाला कुणी काही विचारत नाही तो हळूहळू जिन्याच्या कठड्यासारखा होतो. असतो, लोक हात लावतात, पुढे जातात.

पंच्याऐंशी साली सव्वीस जानेवारी शनिवारी आली. लागून रविवार. बिल्डिंगने गोराईला, एका ओळखीच्या नारळाच्या वाडीत मुक्कामी जायचं ठरवलं. वाडीवाल्याची एकच अट होती, झावळ्यांना हात लावायचा नाही, त्या विकलेल्या आहेत. सरपण आपलं आपण आणायचं. आमचा सेक्रेटरी चंद्रप्रकाश बँकेत होता, त्याला सोपं उत्तर लगेच सापडलं.

"स्टो घेऊ यार. कटकट नाही."

"मी असताना स्टो कशाला?" गुणाजी म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. गेल्या तीन वर्षांत तो मीटिंगमध्ये पहिल्यांदाच बोलला होता. लाकडांचं काम त्याच्याकडे गेलं. त्या रात्री त्याने रुक्मिणीला दोनदा सांगितलं की काम आपल्याकडे आलंय. तिने दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

मग गच्चीवर तयारी सुरू झाली. वखारीतली बाभूळ आली, फुटक्या खोक्यांच्या फळ्या आल्या, मी तर होतोच. गुणाजी रोज येऊन एकेक लाकूड उलटं करायचा, बोटांनी वाजवून बघायचा. शनिवारचा भात, रात्रीची खिचडी, रविवारचं मटण, कशाला किती जाळ लागेल याचा हिशोब त्याच्या डोक्यात चालायचा. बॉयलरला इतका विचार लागत नसावा. जागा उरली नाही म्हणून मला पाण्याच्या टाकीखाली ठेवलं होतं. टाकी गळत होती. इतर लाकडं वाळत होती आणि मी गारेगार पडून होतो. मला वाजवलं की माझ्यातून धड आवाज निघत नसे. गुणाजी म्हणायचा, "तू शेवटी."

शनिवारी टेम्पो, मग लाँच, मग वाडी. दुपारचा भात झकास झाला. गुणाजी चुलीसमोर असा बसला होता की त्याच्या अंगावर पुन्हा गिरणीचा गणवेश चढलाय असं वाटावं. मग कुणीतरी म्हणालं, "अरे, चहा होऊन जाऊ दे ना." झाला. तासाभराने परत झाला. फिरून आलेल्यांचा वेगळा, पोहून आलेल्यांचा वेगळा. रविवारी सकाळी अंघोळीला गरम पाणी, आणि त्यानंतर अर्थातच चहा. गुणाजीने हिशोबात सगळं धरलं होतं, चहा धरला नव्हता. आणि तीन वर्षांनी लोक आपल्याकडे काही मागतायत म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येईना.

रविवारी दुपारी मटणाला पहिली उकळी आली आणि बाभूळ संपली. फळ्या संपल्या. मी उरलो.

गुणाजीने कुऱ्हाड उचलली. मी तयार होतो, खोटं कशाला सांगू, जरा अभिमानही वाटला. तेवढ्यात रुक्मिणी म्हणाली, "अहो, थांबा. ह्याका पान इलाहा."

माझ्या खालच्या अंगाला, टाकीचं पाणी पिऊन, एक तांबूस पान फुटलं होतं. शेंडा लांब, निमुळता. पिंपळाचं पान कुणाला ओळखावं लागत नाही. रुक्मिणीने हात जोडले. शेजारच्या शकूनेही जोडले. "आमच्यात पण नाही जाळत," ती म्हणाली. एकीला मारुतीचा शनिवार आठवला, दुसरीला बोधिवृक्ष. कारणं वेगळी होती, पण मटण दोघींचंही कच्चंच राहणार होतं.

गुणाजीने कुऱ्हाड खाली ठेवली आणि माझ्यावर बसला. तीन वर्षांचं वजन होतं ते. "एवढं एक काम दिलं होतं मला," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही. मला फार वाईट वाटलं. माझं पान तोडून फेकावं आणि जळून जावं असं वाटलं, पण ओंडक्याला हात नसतात.

आता स्टोचा विषय निघणार होता. चंद्रप्रकाश उठला, सामान ठेवलेल्या झोपडीत गेला आणि क्रिकेटचे स्टंप घेऊन आला.

"हे घे. पुरतील?"

गुणाजीने पातेल्याकडे पाहिलं, स्टंपांकडे पाहिलं. बॉयलरवरचा माणूस खोटं बोलत नाही. "बॅटपण लागेल," तो म्हणाला.

ती बॅट चंद्रप्रकाश दर थंडीत तेल पाजून ठेवायचा. बॅट त्याची म्हणून पहिली बॅटिंगही कायम त्याचीच. त्याने ती एकदा हातात तोलली आणि दिली. तेलामुळे छान जळली. मटण शिजलं. गुणाजी शेवटी जेवला, आणि त्याच्या ताटात चंद्रप्रकाशने स्वतः वाढलं.

मला परत आणून फाटकाशी ठेवलं. एका टोकाला आता गुडघ्याएवढं रोप आहे. रुक्मिणी दर शनिवारी त्याला पाणी घालते, शकू वैशाखी पौर्णिमेला मेणबत्ती लावते. दुसऱ्या टोकावर संध्याकाळी गुणाजी बसतो.

यंदाही सहलीची मीटिंग माझ्याभोवतीच झाली. चंद्रप्रकाशने नवी बॅट घेतलीय, ती तो कुलपात ठेवतो. लाकडांचा विषय निघाला. गुणाजी खाली बघत म्हणाला, "या वेळी स्टो घेऊ या."

"तू असताना स्टो कशाला?" चंद्रप्रकाश म्हणाला, आणि पुढच्या विषयावर गेला.

गुणाजीने मान वर केली नाही. पण वर बसलेला माणूस सैल झाला की खालच्या ओंडक्याला कळतं. माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे, नाडी बांधायची तर रोप नाही त्या टोकावर बांधा, पण संध्याकाळी नको. तेव्हा ती जागा गुणाजीची असते.