खळीने चिकटवलेली पत्रं

वकीलबाईंनी फोनवर सांगितलेली यादी बायकोने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतली होती. बाइंडर सकाळपासून तिच्याकडे बघत होता आणि हात लावत नव्हता. कर्जाचे करार, तीन वर्षांची करपत्रकं, पासबुक, घरातल्या वस्तूंची यादी. बँकेकडून आलेलं प्रत्येक पत्र, फोडलेलं असो की न फोडलेलं. आणि अगदी तळाशी, जामीनदाराचा नाव-पत्ता. भेट उद्या अकरा वाजता होती.

दिवाळखोरीचा अर्ज करायचा हे ठरून आठवडा झाला होता. लाज वाटायला हवी तेवढी वाटत नव्हती, उलट ठरल्या दिवसापासून त्याला कडकडून भूक लागत होती. धंदा बसला होता, त्याला कोण काय करणार? शाळांनी आणि कचेऱ्यांनी रजिस्टरं सोडून कॉम्प्युटर धरले, आणि या शहाण्याने नेमकं तेव्हाच कर्ज काढून नवं कटिंग मशीन आणलं. पण ते सगळं आता वकीलबाई बघून घेणार होत्या. टोचत होती ती यादीची शेवटची ओळ.

जामीनदार म्हणजे त्याची थोरली बहीण. सहा वर्षांपूर्वी सही करताना ताई म्हणाली होती, "चिकट्या, लहानपणी माझा पदर सोडायचा नाहीस. आता माझी सही तरी सोडशील ना?" दोन वर्षांनी हप्ते चुकायला लागले आणि त्याने ताईला तोंड दाखवणंच सोडलं. मेहुण्यांच्या मागे तिला दोन खोल्यांच्या घराशिवाय काही नव्हतं. अर्ज केला की बँक त्या घरावर जाणार. कदाचित जाऊनही आली असेल. ताई समोरून आली की हा रस्ता ओलांडायचा. एकदा तर तिला टाळायला एका चपलांच्या दुकानात शिरला आणि बाहेर यायचं म्हणून नको असलेली चप्पल घेऊन आला. कर्जबाजारी माणसाने करायचं काम आहे का हे?

"अहो, बँकेची पत्रं कुठायत?" बायको फाईल घेऊन दुकानात आली.

"आहेत की."

"आहेत म्हणजे कुठे?"

बाइंडरने फळीकडे बोट केलं. तिथे न विकलेली तीसेक रजिस्टरं लाल कापडी पाठीने ओळीत उभी होती.

"त्यांच्या मागे?"

"आत," तो म्हणाला.

झालं होतं ते असं. पुस्तक शिवलं की त्याच्या कण्यावर, म्हणजे शिवलेल्या पाठीवर, आधाराला कागदाची पट्टी चिकटवतात. त्याला रद्दी चालते, पण रद्दी जाड हवी. आणि बँक काही देवो न देवो, कागद उत्तम देते. न फोडलेली पाकिटं टेबलावर बघवत नव्हती, फेकायचा धीर होत नव्हता, आणि पट्ट्या तर रोजच लागत होत्या. बाइंडरने चार वर्षं बँकेचा एकेक इशारा न वाचता, तुकडे कापून, पिठाची खळ लावून कण्यात घातला होता.

बायकोला हसू फुटलं. पुठ्ठ्यांच्या चळतीवर बसून, पोट धरून ती हसली. "लोक नोटिसा लपवतात, तुम्ही त्यांना बाइंडिंग केलंत!" दोन वर्षांत ती अशी हसली नव्हती. बाइंडरलाही हसू आलं आणि त्याला एकदम मोकळं वाटलं.

"निघतील का आता?" डोळे पुसत तिने विचारलं.

"निघतील ना. खळ आहे ती."

हे मात्र तो ताठ मानेने म्हणाला. बाजारात हल्ली पांढरा गोंद मिळतो, झटपट वाळतो, त्याने चिकटवलेलं मरेपर्यंत सुटत नाही. बाइंडरने तो कधी दुकानात येऊ दिला नव्हता. ज्या म्हाताऱ्याकडे तो काम शिकला, त्याचं म्हणणं होतं की आपण बांधलेलं कधीतरी कोणालातरी सोडवावं लागणार, म्हणून खळच वापरायची. खळ पाण्याचं ऐकते.

दोघं कामाला लागले. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं कण्यावर ठेवायचं, थोडं थांबायचं, आणि हाडाच्या पट्टीने कागद अलगद उचलायचा. बायको तुकडे दोरीवर चिमट्यांनी लावत गेली आणि जुळवत गेली. दुपारपर्यंत अकरा पत्रं उभी राहिली. 'विनंती', 'स्मरण', 'अंतिम स्मरण', आणि त्यानंतर पुन्हा एक 'अंतिम'. "यांचं अंतिम काही संपत नाही," बायको म्हणाली.

बारावं पत्र सगळ्यात जुनं होतं. त्याचा डावा अर्धा एका रजिस्टरात सापडला, उजवा शेजारच्या. बायकोने ते जोडून वाचलं आणि तिचा आवाज बदलला.

"'आपण कटिंग मशीन तारण दिल्याने, जामीनदारांच्या विनंतीवरून त्यांना या कर्जाच्या जामिनातून मुक्त करण्यात येत आहे.' अहो, तारीख बघा. चार वर्षं झाली!"

बाइंडर खुर्चीत बसला. हप्ते चुकल्यावर बँकेने कर्जाची नव्याने मांडणी केली होती. साहेब बोट ठेवील तिथे त्याने सह्या केल्या होत्या, एक ओळ न वाचता. म्हणजे ताईचं घर सुरक्षित होतं. चार वर्षं सुरक्षित होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसाही केवढा! त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो लहान मुलासारखा रडला.

"खाली बघा," बायको हळूच म्हणाली. "'प्रत, जामीनदार.' ताईंना हे पत्र गेलंय."

त्याने ओल्या हातानेच फोन लावला. पलीकडून पहिल्याच घंटेला आवाज आला.

"चिकट्या? बरा आहेस ना रे?"

"ताई, तुझं घर वाचलं."

"मला माहितेय," ताई म्हणाली आणि घाईघाईने बोलू लागली. "मीच अर्ज केला होता रे. हे गेल्यावर भीती बसली मनात. तुला विचारलंही नाही. तू रस्ता ओलांडून जायचास तेव्हा वाटायचं, बरोबर आहे, पाठच्या भावाला वाऱ्यावर सोडलं मी. कुठल्या तोंडाने हाक मारू?"

"अगं, मी तुला तोंड चुकवत होतो!"

"मला?" ताई म्हणाली. "वेडा आहेस का? म्हणजे त्या दिवशी चपलांच्या दुकानात..."

"पाहिलंस तू?"

"बाहेर उभी होते मी. तू निघालास तर बोलायचं म्हणून. मग माझाच धीर सुटला."

दुसऱ्या दिवशी अकराला दहा कमी असताना ताई वकीलबाईंच्या जिन्यात उभी होती. तिच्या पत्राची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, कोरडी, एकही घडी नसलेली. "पत्रं भिजवून काढलीस म्हणालास ना काल, म्हटलं, तुझी प्रत भिजली असेल," ती म्हणाली.

वकीलबाईंसमोर बाइंडरने आपले कागद ठेवले. तारखेप्रमाणे लावून, शिवून, लाल कापडी पाठ घालून. हाताला राहवलंच नव्हतं. बाईंनी पानं उलटली, वास घेतला आणि चष्म्यावरून पाहिलं. "लोक माझ्याकडे पिशव्या उपड्या करतात," त्या म्हणाल्या. "हे पहिल्यांदाच बघतेय." मग त्यांनी फॉर्म पुढे सरकवला.

बाइंडर एकेक रकाना भरत तळाशी आला. 'जामीनदार' या शब्दापुढे त्याने सावकाश लिहिलं, 'कोणी नाही'. लिहून झाल्यावर मात्र ते शब्द बघून त्याचं पेन अडलं. शेजारी ताई बसली होती, आणि तिने ते वाचलं होतं.

"थांबलास का?" ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "खरं तेच लिहिलंयस. शेजारी बसायला काही सही लागत नाही."