नऊ कपांतली रोपं

मुलानं गुरुवारी चहाच्या नऊ कागदी कपांत टोमॅटोचं बी टोचलं, कप स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीनं मांडले आणि शनिवारी कामावर जातो म्हणून गेला तो गेलाच. ट्रकनं उडवलं. पुढच्या बुधवारी नऊच्या नऊ कपांत कोंब वर आले. काय म्हणावं याला! लावणारा नाही, आणि लावलेलं मात्र मान वर काढून उजेड शोधतंय.

घरात मागे उरली त्याची बायको आणि त्याचे वडील, सून आणि सासरे. सासरे निवृत्त वेल्डर. जन्मभर लोखंड जोडलं, मातीला कधी हात लावला नव्हता. पण मुलाच्या हातचं शेवटचं एवढंच उरलं होतं आणि ते जगायलाच हवं, हे त्यांनी मनाशी धरलं. सून उठायच्या आधी ते गुपचूप पेलाभर पाणी नऊ कपांत वाटून टाकत. माती ओली की कोरडी, हे ठिणग्यांनी निबर झालेल्या बोटांना कुठलं कळायला! सुनेसमोर मात्र खिडकीकडे चुकूनही बघत नसत. उगाच पोरीच्या जखमेवर मीठ कशाला चोळायचं?

जेवायला दोघं समोरासमोर बसत. अजून वाढू का, नको, पुरे. संपलं बोलणं. अहो, एका छपराखाली राहता ना, मग तोंडाला कुलूप कसलं? पण सांगणार कोण!

दोन आठवड्यांनी एका सकाळी तीन रोपं आडवी दिसली. दुसऱ्या दिवशी सहा. रविवारी सगळीच. देठ मातीपाशी काळे पडून नासले होते. सासऱ्यांनी एकेक रोप उचलून बघितलं. सून मागे येऊन उभी राहिली तेव्हा शेवटचं रोप त्यांच्या तळहातावर होतं.

"माझ्या हातून झालं हे," ते म्हणाले. "रोज सकाळी पाणी घालत होतो. जास्त झालं, कुजली. तुला तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

सून भिंतीला टेकली. "बाबा, मी पण घालत होते. रोज संध्याकाळी, तुम्ही फिरायला गेलात की."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला त्याची आठवण यायला नको म्हणून."

"अगं वेडे, दिवसभर दुसरं काय करतोय मी?"

ती तिथेच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. सासरेही गुडघे धरत तिच्याशेजारी टेकले. त्यांनी मुलाला नावानं हाक मारली, तो आतल्या खोलीत असल्यासारखी, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते नाव त्या घरात मोठ्यानं ऐकू आलं.