गोड्या विहिरीची पांधन

अकोल्यात उड्डाणपूल झाला आणि त्या पुलाखाली डोमाजी तायडे रस्ता चुकले, एवढंच काय ते झालं होतं. पण घरात केवढा बाऊ! एकोणसत्तर वर्षांचा माणूस, बत्तीस वर्षं तेल्हारा तालुक्यात सायकलवर टपाल वाटलेला, भाजी आणायला म्हणून निघाला आणि तीन तास पुलाखाली सायकल धरून उभा राहिला. शेवटी एका रसवंतीवाल्याने त्यांच्या खिशातल्या डायरीतून नंबर काढून घरी फोन केला. डोमाजींचं म्हणणं, आपण काहीच विसरलो नाही, रस्ताच बदलून टाकला त्याला आपण काय करावं? हे त्यांच्या मुलाला, धम्मदीपला, पटलं नाही. तो पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर, त्याला जे मोजता येतं तेच पटतं. त्याने सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

धम्मदीपची थोरली बहीण माधवी दोन गल्ल्या सोडून राहायची. शाळेत भूगोल शिकवायची आणि सायकलचं वेड थेट बापाकडून घेतलेलं. चार मैत्रिणींबरोबर पहाटे हायवेने तीस-चाळीस किलोमीटर जाऊन यायची. श्रावणात एक ट्रक इतका खेटून गेला की ती सायकलसकट खालच्या नालीत. तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं, या जिल्ह्यात हॉर्न ऐकू न येणारा एखादा तरी रस्ता असेल की नाही?

एकदा बापाकडे जेवताना ती हेच बोलली. दोन आठवडे तोंड फुगवून बसलेले डोमाजी ताटावरून मान वर करून म्हणाले, असेल काय, आहेच. तेल्हाऱ्याहून पूर्णा नदीपर्यंत ते डांबराला चाक न लावता जायचे. पांधनीने. वावरांच्या मधून बैलबंड्या जाऊन जाऊन पडलेली जुनी वाट ती. आणि त्या वाटेवर, ऐन खारपाणपट्ट्यात, गोड्या पाण्याची एक विहीर.

धम्मदीप हसला. खारपाणपट्ट्यात जिथे खणाल तिथे मिठाचं पाणी लागतं, आणि अशी विहीर त्याच्या खात्याच्या कुठल्याच यादीत नव्हती. त्याने फोनवर आभाळातून दिसणारा नकाशा काढून दाखवला. नुसती वावरं, त्यात वाट कुठेच नाही. बोलता बोलता बापलेकांची पैज लागली. वाट सापडली तर किल्ली कायमची परत. नाही सापडली तर सायकल धम्मदीपच्या ऑफिसातल्या शिपायाला देऊन टाकायची. डोमाजी पक्कं म्हणाले आणि भाकर मोडायला लागले. माधवीला मात्र ही पैज नको होती. गेल्या आठवड्यातच त्यांनी तिला सुंदरा म्हणून हाक मारली होती. सुंदराबाई ही त्यांची बहीण, जाऊन अकरा वर्षं झालेली. माधवीने ते घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

जानेवारीतला रविवार. शेजारच्या पिंटूने आपल्या छोटा हत्ती टेम्पोत दोन्ही सायकली घालून त्यांना तेल्हाऱ्याला सोडलं. धम्मदीपने एका दिवसापुरतं कुलूप काढून दिलेली डोमाजींची काळी, उंच, टपालाची सायकल, आणि माधवीची एकवीस गिअरची. आईने, चतुराबाईंनी, भाकरी, ठेचा आणि चार उकडलेली अंडी फडक्यात बांधून दिली होती. खाली उतरल्या उतरल्या डोमाजींनी पाना काढला आणि आपल्या सायकलीचे दोन्ही मडगार्ड सोडवून पिंटूच्या गाडीत टाकले. माधवीला हसू आलं. आभाळात ढग नाही, चिखल येणार कुठून? तिने आपले तसेच ठेवले.

गावाबाहेरच्या नाल्याशी ते डांबर सोडून खाली उतरले आणि गाड्यांचे आवाज मागे पडले. दोन्हीकडे तूर, मग कापूस वेचून झालेली पऱ्हाटी, मग हरभरा. चाकोऱ्या बुजत आल्या होत्या, पण मधला गवताचा पट्टा अजून उमटून दिसत होता. डोमाजी पुढे. चालवता चालवता ते काहीतरी पुटपुटत होते. माधवी जवळ गेली आणि कान देऊन ऐकायला लागली.

"सुभद्राबाई. मंग शाळा. मंग शालूचा बाप. मंग जाईबाई, तिचं पत्र वाचून द्या लागते."

तिला आधी भीतीच वाटली. मग डोक्यात उजेड पडला. सकाळी टपालाची थैली फोडली की पोस्टमन घरांच्या क्रमाने गठ्ठा लावतो. ज्याचं घर आधी त्याचं पत्र वर. बापाला उजवं-डावं, पूर्व-पश्चिम काही आठवत नव्हतं. त्यांना गठ्ठा आठवत होता. जाईबाईची झोपडी कधीच पडली होती, तिथे आता सोलरचा पंप होता, पण जाईबाई म्हटल्याबरोबर सायकल आपोआप वळली आणि पुढे वाट निघाली. माधवीला इतकी गंमत वाटली की पुढची दोन-चार नावं तिनेही पाठ करून टाकली.

एका ठिकाणी कोणीतरी वावराला पाणी सोडलं होतं आणि ते पांधनीवर आलं होतं. वऱ्हाडातली काळी माती ती, एकदा चाकाला धरली की सोडत नाही. दहा पावलांत माधवीची महागडी सायकल जागेवर बसली. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये मातीचा नुसता गोळा. डोमाजींनी तुरीचं काड मोडून तिच्या हातात दिलं आणि आपण धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून मजा बघत राहिले. ती अर्धा तास माती कोरत होती आणि स्वतःलाच शिव्या घालत होती. वऱ्हाडात जन्मून मडगार्ड ठेवून पांधनीवर उतरणारी ही भूगोलाची बाई!

पुढे जमिनीवर पांढुरकी बुरशी आल्यासारखं दिसायला लागलं. माधवीने बोटाने उचलून जिभेला लावलं. खारट. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि इथे मातीत मीठ. पुस्तकात याचं कारण आहे, ती दरवर्षी ते वर्गात सांगते, पण चव मात्र तिने आज पहिल्यांदा घेतली. हे मीठ कधी आलं असेल, कोणत्या पाण्यातून, आणि एकाच विहिरीला त्याने का सोडलं असेल, असा विचार करत ती चालवत होती, तोच डोमाजी थांबले.

समोर धुरा आणि धुऱ्यापलीकडे हरभऱ्याचं सलग वावर. वाट तिथे संपली होती.

"मंग पाटलाचं खळं," डोमाजी म्हणाले. "पाटलाचं खळं. मंग..." त्यांनी तेच तीनदा म्हटलं. पुढचं पत्र गठ्ठ्यात नव्हतं.

वावरातून एक कास्तकार आला. जानराव त्याचं नाव, पन्नाशीचा. मूळचा मोर्शीकडचा, दहा वर्षांपूर्वी सासऱ्याचं वावर करायला इकडे आलेला. राम राम, जय भीम झालं. माधवीने पांधनीचं विचारलं. त्याने मान हलवली. इथे पांधन बिंधन काही नाही, तो आला तेव्हाही हरभराच होता. खळं नाही, विहीर नाही. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि त्याचाच माधवीला जास्त धसका बसला. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

डोमाजी सायकलच्या दांडीवर हात ठेवून उभे होते. पुलाखाली उभे असतील तसेच. तिला वाटलं, आता फिरावं, पिंटूला फोन करावा, आणि सायकल जाईल तर जाईल. तिने मान वळवली, कारण बापाकडे तिला बघवेना. त्यामुळे तिची नजर वावरावर गेली.

हरभरा गुडघ्याला आला होता, घाटे लागले होते, हिरवागार. पण धुऱ्यापासून सरळ पलीकडच्या बाभळीच्या झुडपापर्यंत एक पट्टा वीतभरच वाढलेला आणि पिवळा. बैलबंडी जाईल एवढा रुंद. आखल्यासारखा सरळ.

"भाऊ, हे असं कावून?" तिने विचारलं.

जानराव एकदम चिडला, तिच्यावर नव्हे, त्या पट्ट्यावर. "तेच तं मी दहा वर्सांपासून इचारून राहिलो, ताई. लोकं म्हनतात शेणखत टाक. खत टाकतो, बियानं बदलतो, तरी एवढ्यातच पीक पिवळं पडून उबळते. काहून उबळते, कोनी सांगत नाई मले."

माधवीने सांगितलं. शंभर वर्षं जिथून भरल्या बंड्या गेल्या ती जमीन दगडासारखी बसलेली असते, तिथे पावसाचं पाणी साचतं, आणि मुळी खाली जात नाही. वर नांगरल्याने वाट मिटत नाही. तो पट्ट्याच्या मधोमध उभा राहून पायाखाली बघत राहिला.

"म्हंजे मी दहा वर्सं रस्त्याले खत घातलं?" तो म्हणाला. आणि मग स्वतःच इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तिघे सायकली हातात धरून त्या पिवळ्या पट्ट्यातून चालत गेले. बाभळीच्या त्या काट्यांत जानराव दहा वर्षांत कधी शिरला नव्हता; आज त्याने कोयत्याने फांद्या बाजूला केल्या. आत विहीर होती. दगडी, अरुंद, काठाला दोरांनी घासून पडलेल्या खाचा. जानरावने डब्याला दोर बांधून पाणी काढलं आणि पुढे केलं, पण आधी प्यायला कोणी धजेना. डोमाजींनी डब्यातून ओंजळ भरून घेतली आणि ते ओंजळीतला शेवटचा थेंब संपेपर्यंत प्यायले. मग माधवी प्यायली. गोड. जानराव दहा वर्षं लांबून डोक्यावर पाणी आणत होता. तो दोन घोट प्यायला आणि खालीच बसला.

माधवीला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. तिचा बाप खरा ठरला होता.

तिने फडकं सोडलं, भाकरी वाढल्या. डोमाजींनी चवीने खाल्लं, ठेचा मागून घेतला, तोंड धुतलं. मग तिच्याकडे अगदी मायेने बघून म्हणाले, "सुंदरा, तू इथंच सावलीत बस. मी टपाल वाटून येतो."

तेवढ्यात धम्मदीपचा फोन आला. सापडलं का काही, म्हणून त्याने विचारलं.

"सापडलं," ती म्हणाली. "वाट सापडली, विहीर सापडली. पाणी गोड आहे, तुझ्या यादीत लिहून घे."

मग त्याने हळूच विचारलं, "आन् बाबा?"

माधवीने बघितलं. बाबांनी सायकल नदीकडे वळवून धरली होती, एक पाय पायडलवर.

"बाबाले नावं चुकतात, दीपू. तू म्हणतो ते खरं आहे, मीच ते लपवलं होतं. पण वाट नाई चुकत. किल्ली देऊन टाक. दर रविवारी मी त्यांच्या मागं राहीन."

फोन ठेवून ती उठली, सायकल घेऊन बापाच्या मागे जाऊन उभी राहिली.

"दादा," तिने विचारलं, सुंदरा आत्या विचारायची तसं, "आता पुढचं पत्र कोनाचं?"

डोमाजींनी लगेच सांगितलं, आणि निघाले.