संत्र्याचं लोणचं

नरखेडकडच्या वामनरावांच्या संत्र्याच्या बागेत पाचव्या वर्षी फळ धरलं आणि ते चाखून अख्ख्या गावाचं तोंड आंबट झालं. कलम करताना संत्र्याचा डोळा जंभिरीच्या खुंटावर बांधतात. डोळा मेला तर खालची जंभिरी, म्हणजे जाड सालीचं आंबट लिंबूच, डोकं वर काढते. असली रोपं नर्सरीवाल्याने उपटून फेकायची असतात. श्रीधररावांनी ती आपल्या नर्सरीतून विकली. तीही कुणा परक्याला नाही, सख्ख्या व्याह्याला! वामनरावांची लेक मिनल श्रीधररावांच्याच घरी नांदत होती. घरच्या माणसावर एवढा हक्क चालायचाच.

“माती खराब आहे तुमची,” श्रीधररावांनी निदान केलं. “संत्रंच आहे ते. थोडं आंबट लागून राहिलं, बस.”

वामनराव मुलीचे बाप. त्यांनी मातीच्या वतीने माफी मागून टाकली. त्यांची बायको जयवंता मात्र पेटली. पाच वर्षं जिवापाड जपलेल्या झाडांना आता कुऱ्हाड लावायची? रोपं घेताना तिने बिल मागून घेतलं, तेव्हाच व्याही दुखावले होते. व्याह्याकडे बिल मागणं म्हणजे पंगतीत वरण मोजून घेणं! तेच बिल जोडून तिने नागपूरच्या ग्राहक आयोगात तक्रार टाकली.

“लोकं काय म्हणतीन वं? पोरीले तिथंच दिवस काढाचे आहेत,” वामनराव म्हणाले.

तीच भीती तिच्याही काळजात रुतली होती. तरी पहिल्या तोडणीची टोपली तिने रिवाजाप्रमाणे लेकीच्या घरी पाठवली. भांडण वेगळं, रिवाज वेगळा.

तारखेला श्रीधरराव वकील घेऊन आले, आणि मिनललाही. सून समोर बसवली की विहिणीची जीभ टाळ्याला चिकटते, हा त्यांचा कायदा वकिलापेक्षा स्वस्त होता. वकील म्हणाला, धंद्यासाठी रोपं घेणारा शेतकरी ग्राहकच नसतो. जयवंता म्हणाली, “पोटापाण्यासाठी लावली जी, दुकान नाही मांडलं.” अध्यक्षबाईंनी मान डोलावली. मग वकील म्हणाला, फळ संत्रंच आहे. जयवंताने उत्तरासाठी तोंड उघडलं, पण खाली मान घालून बसलेली मिनल दिसली आणि ती बिलाचीच घडी घालत बसली. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

व्हरांड्यात मिनलने डबा उघडला, आईबाबांनाही बसवलं. श्रीधररावांनी लोणच्याची फोड चोखली. वकिलाने दुसरी मागून घेतली.

“वा, सूनबाई! काय मुरलं लिंबाचं लोणचं! बाजारच्या लिंबाले ही चव राहत नाही.”

“लिंबाचं नाही, मामाजी,” मिनल पोळी वाढत म्हणाली. “आईनं टोपली पाठवली होती न, त्या संत्र्यांचं आहे. तुम्हीच म्हणता, संत्रंच आहे म्हणून. आत बाईंनी मले विचारलं, तर मी लोणच्याचंही सांगीन.”

वकिलाची फोड तोंडातच राहिली. जयवंताला हसू आणि रडू एकदमच आलं. जिच्यापायी ती जीभ चावून बसली होती, तीच बोलली होती.

श्रीधररावांनी बोटं चाटली. चव तर नाकारता येत नव्हती.

“वकीलसाहेब, तडजोडीचं लिहा,” ते शेवटी पुटपुटले. “नवी रोपं देतो, भरपाईही देतो. घरचाच मामला आहे.”

“म्हणूनच,” जयवंता म्हणाली, “पक्कं बिल पाहिजे.”