साहेबांना आधी सांगायचं

साहेब आमच्याकडे आले तेव्हा घरात दोन पुरुष होते आणि दोघांत मिळून दिवसाला एक वाक्य होत नव्हतं. साहेब म्हणजे पोपट. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ठार आंधळा. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या. जाताना पिंजरा माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुमचं घर शांत आहे, म्हणून."

शांत! मला हसावं की रडावं कळेना.

शिवणाचं दुकान आमच्या पुढच्या खोलीतच. सासरे कापतात, हे शिवतात, मी काज-बटणं करते. सव्वा वर्षापूर्वी एका कोटाची बाही अर्धा इंच आखूड निघाली आणि हे गिऱ्हाइकासमोर बोलून गेले, "बाबांना हल्ली दिसत नाही." बाबा एवढंच म्हणाले, "मग आंधळ्याशी बोलायचं तरी कशाला?"

झालं. तेव्हापासून बापलेकांचा कारभार खडूवर. बाबा कापडाच्या उलट्या बाजूला माप लिहायचे, यांना शंका आली की हे शेजारी प्रश्नचिन्ह काढायचे, आणि बाबा उत्तर म्हणून तोच आकडा दुप्पट मोठा लिहायचे. मी मधे पडले की दोघंही माझ्यावर डाफरायचे, तेवढ्यापुरती एकी. रोज देवापुढे माझं मागणं एकच: बाकी काही देऊ नकोस, यांच्या तोंडून एकमेकांना हाक येऊ दे.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी साहेबांचं एक पथ्य सांगितलं होतं. जवळ जायच्या आधी बोलायचं. कोण आलंय, काय करणार, सगळं. नाहीतर जीव दचकतो आणि स्वतःलाच इजा करून घेतो. मग काय, आम्ही झालो साहेबांचे शिपाई. "साहेब, मी आहे, पाणी बदलते." बाबाही मान वाकवून सांगायचे, "साहेब, कातरी उचलतोय बरं का." हे मात्र बाबा खोलीत असले की पिंजऱ्याकडे फिरकायचेच नाहीत. पोपटाशी बोललं तरी बाबांच्या कानावर पडणार ना!

त्या दुपारी मी आत, कानात कीर्तन लावून भांडी घासत होते. पिंजऱ्यातली वाटी कोरडी पडलेली यांना दिसली. टेबलाशी बाबा. यांनी न बोलता हात घातला. पंखांची फडफड मला कीर्तनातूनसुद्धा ऐकू आली. बाहेर येते तो साहेबांचं नख तारेत अडकून अर्धं तुटलेलं, आणि रक्ताची धार.

"टॉवेल!" बाबा ओरडले. कोणाला, ते सांगितलं नाही. यांनीच दिला. बाबांनी नुसत्या चाचपणीने साहेबांना गुंडाळून छातीशी धरलं. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "कॉर्नफ्लॉवर नखावर दाबून धरा, पाच मिनिटं. आणि बोलत राहा हळू आवाजात. घाबरला तर रक्त थांबणार नाही."

"साहेब, मी आहे," हे म्हणाले. मी आणलेलं पीठ यांनी चिमटीत घेतलं. "पाय धरतोय."

"हळू धर."

"हळूच धरलाय."

"याला म्हणतात हळू? थरथरतोय तो."

"मग तुम्ही सांगा कुठे दाबू ते!"

"मला विचारतोस? मला कुठे दिसतंय?"

बाबांनी तोंड फिरवलं. साहेबांनी पुन्हा धडपड केली, पांढरं पीठ लाल झालं.

"बोला हो," मी कळवळून म्हटलं. "कोणीतरी बोला."

बाबा टॉवेलावर वाकले. "साहेब, ती बाही आखूडच होती. टेपवरचे आकडे दिसत नव्हते मला. अंदाजाने कापत होतो. आणि हा वर्षभर शिवणीत गुपचूप सांभाळून घेतोय. त्याला वाटतं म्हाताऱ्याला कळत नाही. अरे, हाताला लागतं ते."

यांची मान खाली. "साहेब, घरात सांगायचं ते मी चारचौघांत सांगितलं. गाढवपणा केला."

"गाढवाची कशाला बदनामी? ते येताना ओरडतं तरी."

हे हसले. हसता हसता डोळे भरले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"बाबा, डोळे दाखवायला चला. मी येतो."

"ऑपरेशन सांगतील."

"सांगू देत. मी बसेन बाहेर."

"तोवर कापणार कोण?"

"मी. तुम्ही शेजारी बसून शिव्या द्या."

"हां, ते जमेल."

पाच मिनिटांची वीस झाली. रक्त केव्हाच थांबलं होतं आणि साहेब टॉवेलात पेंगत होते. पण बाबांनी धरलेलं सोडलं नाही, यांनी दाबलेलं बोट काढलं नाही. बोलणं कोटाच्या अस्तरावर आलं, तिथून कॉलरवर, आणि कॉलरवरून चक्क वाद सुरू झाला. हळू आवाजातला.

मी दाराशी उभी. देणाऱ्याने दिलं ते कोणाच्या नखातून दिलं, पाहा! पुढे होऊन सांगायला हवं होतं की पुरे आता, सोडा त्याला. मी देवाला हात जोडले आणि काही सांगितलं नाही.